माती, सांडपाणी आणि फुकटची शाळा

८ जानेवारी

संचालकांनी आज केबिनमध्ये बोलावून सांगितलं की मला जगाला शिकवायचं आहे. तेही फुकट. मी म्हटलं, इतकी वर्षं वर्गात शिकवतेय तेवढं पुष्कळ झालं. ते म्हणाले, वर्गात येतात ते फी परवडणारे. कितीतरी जणांना फी परवडत नाही, घर सोडून येणं परवडत नाही, काहींना तर दिवसभराची सुट्टीही परवडत नाही. इंटरनेटवरून शिकवलं तर तेही बसतील. संचालक लबाड आहेत. नेहमी खरं तेच बोलून माणसाला अडकवतात.

अभ्यासक्रम शाश्वत विकासाचा. म्हणजे पुढच्यांना पुरेल असं आज कसं जगायचं. त्यातली माती माझ्याकडे. इथवर ठीक होतं. मग खाली बघून पेन्सिलीला टोक काढत त्यांनी सांगितलं की पाण्याचा भाग दुसऱ्या संस्थेतले एक अभियंते शिकवतील आणि अभ्यासक्रम आम्हा दोघांचा मिळून असेल. कोण अभियंते, हे त्या पेन्सिलीवरूनच कळलं.

या गृहस्थांना मी मनातल्या मनात सांडपाणी म्हणते. शहराचं घाण पाणी शुद्ध करण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही, हे मला मान्य आहे. पण शुद्ध करून झाल्यावर तळाशी जो गाळ उरतो तो खत म्हणून जमिनीत घाला, असं ते गावभर सांगत फिरतात. मी एका नियतकालिकात लिहिलं, माती म्हणजे कोणाची कचराकुंडी नव्हे. त्यांनी उत्तर लिहिलं. त्यावर मी लिहिलं. शेवटी संपादकांनी हात जोडले. तेव्हापासून परिषदांमध्ये आम्ही एकमेकांना पाहून फक्त मान हलवतो, आणि तीही पुरती नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. तिनं विचारलं, "तोच का, ज्याचा लेख तू मला मोठ्यानं वाचून दाखवला होतास? दोनदा?"

चुका दाखवण्यासाठी, मी म्हटलं.

"बरं," आई म्हणाली आणि संत्रं सोलत राहिली.

१३ जानेवारी

चित्रणाची खोली म्हणजे आमच्या संस्थेची जुनी अडगळीची खोली. भिंतींना करडा स्पंज चिकटवलाय, पाठीमागे हिरवा पडदा, आणि पंखा बंद, कारण त्याचा आवाज येतो. चित्रण करणारी बाई चाळिशीची, पूर्वी बातम्यांच्या वाहिनीत होती. पहिल्या तासाभरातच मी तिचं नाव पुन्हाबाई ठेवलं. माझं वाक्य संपलं की ती कानांवरचे हेडफोन सरकवून मायेनं म्हणते, "छान. पुन्हा घेऊ या."

कॅमेऱ्याच्या भिंगाकडे बघून बोलायचं असतं. भिंग जांभई देत नाही, शंका विचारत नाही, बाकाखाली फोन बघत नाही. आधी चमत्कारिक वाटलं, मग बरंच वाटलं. असा विद्यार्थी मला जन्मात मिळाला नव्हता. मातीची व्याख्या, तिचे थर, कणांचे आकार, सगळं तक्त्यांसह एका दमात सांगून टाकलं. शेवटी पुन्हाबाई काहीच बोलली नाही. पुन्हा घेऊ या असंसुद्धा नाही. पहिल्याच दिवशी जमलं म्हणायचं.

२१ जानेवारी

आज सांडपाणी आले होते. मी सहज डोकावले. खोली माझ्या वाटेवरच आहे, ग्रंथालयाकडून जरा वळसा घालून गेलं तर.

त्यांच्यासमोर टेबलावर गढूळ पाण्याचा ग्लास. भिंगाला म्हणे, "ओळखलंत का? काल तुम्ही याच्यातच कपडे धुतलेत." मग वाळू, कोळसा, नळ्या, बुडबुडे, आणि शेवटी दुसरा ग्लास, स्वच्छ. पुन्हाबाई हसत होती. हसलं की कॅमेरा हलतो हे तिला कोणीतरी सांगायला हवं. मला हा उथळपणा आवडत नाही. शिकवणं म्हणजे जादूचे प्रयोग नव्हेत.

त्यांच्या करड्या स्वेटरला उजव्या कोपरावर हिरव्या लोकरीचं रफू आहे. टाके लहानमोठे आहेत, त्यामुळे स्वतःच केलं असावं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली असं ऐकलंय, मुलगी लग्न होऊन लांब असते. अर्थात याचा अभ्यासक्रमाशी संबंध नाही.

चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, मॅडम, अजून रागावलाय का? मी सांगितलं, मी मुद्द्यावर रागावते, माणसावर नाही. ते म्हणाले, बरं झालं, मुद्दा अजून तोच आहे.

५ फेब्रुवारी

अभ्यासक्रम चार दिवसांपूर्वी सुरू झाला. हजारोंनी नावं नोंदवली. कुठकुठल्या देशांतून, कसले कसले लोक. मी आईला रोज आकडा सांगत होते. आज पुन्हाबाईनं आम्हाला एक आलेख दाखवला. पाठ बघता बघता माणसं कुठल्या मिनिटाला उठून जातात, ते त्यात दिसतं.

सांडपाणी यांची रेषा पठारासारखी. शेवटाला थोडी उतरते इतकंच. माझी रेषा मी जमिनीची धूप शिकवताना दाखवते तशी आहे. पहिल्या सरीत वरचा थर गेला, दुसऱ्या सरीत खालचा, आणि मग नुसता खडक. तो खडक म्हणजे आमचे संचालक असणार, आणि त्यांनीही पाठ लावून ठेवून दुसरं काम केलं असेल.

पुन्हाबाई म्हणाली, पहिल्यांदा असं होतं. सांडपाणी आलेख बघत राहिले. हसले असते तर बरं झालं असतं, निदान चिडता आलं असतं.

घरी आईसमोर पाठ लावला. आई पाचव्या मिनिटाला झोपली. उठल्यावर मी रोखून बघतेय हे पाहून म्हणाली, "सगळं बरोबर बोलतेस गं. पण कोणाशी बोलतेस ते कळत नाही."

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. वर्गातली मुलं इतकी वर्षं माझ्यासमोर बसून राहिली ती माझ्यामुळे की हजेरीमुळे? इथे हजेरी नाही, फी नाही, परीक्षेचा धाक नाही. ज्याला कंटाळा येईल तो उठून जातो. झाकली मूठ होती तेच बरं होतं.

८ फेब्रुवारी

आज हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. पुढच्या पाठाची ओळख आम्हा दोघांना मिळून करून द्यायची होती. दोन मिनिटांचं काम. संहितेत त्यांनी लिहिलं होतं, गाळ हे उत्तम खत आहे. मी खत या शब्दावर बोट ठेवलं. म्हटलं, ज्यात काय आहे हे ठाऊक असतं त्याला खत म्हणतात. तुमच्या गाळात अख्ख्या शहरानं मोरीत काय काय ओतलंय ते कोणाला माहीत? त्यांनी विचारलं, गोठ्यातल्या शेणाला तुम्ही प्रमाणपत्र मागता का? मी म्हटलं, गाय बॅटरी खात नाही. ते म्हणाले, मग गाळ टाकायचा कुठे? समुद्रात? तुमच्या डोक्यावर?

मग जे सुरू झालं ते चहा निवेपर्यंत चाललं. मी म्हणाले की त्यांना माती कळतच नाही, फक्त खड्डे कळतात. माझ्या पिशवीत जंगलातल्या मातीचं एक ढेकूळ होतं, वर्गात दाखवायला ठेवते ते. ते मी सरळ त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि वास घ्यायला सांगितलं. त्यांनी ढेकूळ फोडलं, नाकाशी नेलं, पुन्हा एकदा नेलं. मग म्हणाले, "हे मला कोणी कधी हातात दिलं नव्हतं."

तेवढ्यात माझं लक्ष कॅमेऱ्याकडे गेलं. लाल दिवा चालू होता. पुन्हाबाई स्टुलावर पाय दुमडून बसली होती, दोन्ही हात गालांवर, नाटक बघायला बसल्यासारखी.

१२ फेब्रुवारी

पुन्हाबाईला ते भांडण पाठ म्हणून घालायचं होतं. मी साफ नाही म्हटलं. सांडपाणी म्हणाले, मॅडम म्हणतील तसं. असं कोणी म्हटलं की माणसाची पंचाईत होते. शेवटी मी हो म्हटलं, एका अटीवर: खड्ड्यांचं वाक्य काढायचं. तिनं काढलं नाही. म्हणते, विसरले. बातम्यांतली माणसं.

या पाठाची रेषा शेवटपर्यंत सरळ आहे. मी ती तीन वेळा बघितली.

अभ्यासक्रमाच्या चर्चेच्या पानावर पाऊल ठेवायला जागा नाही. दोन तट पडलेत, मातीपक्ष आणि पाणीपक्ष. एक परिचारिका कामाची पाळी संपल्यावर बसमध्ये पाठ ऐकते, ती माझ्या बाजूची. ट्रक चालवणारा एक गृहस्थ त्यांच्या बाजूचा, पण ढेकळाच्या वासानं डगमगलाय असं त्यानं स्वतःच लिहिलंय. एका म्हाताऱ्या जोडप्यात नवरा पाणीपक्षी आणि बायको मातीपक्षी. ती लिहिते की कितीतरी वर्षांनी आमच्यात बोलण्यासारखं भांडण झालं.

संचालकांनी हुकूम काढलाय की इथून पुढचे सगळे पाठ भांडूनच घ्यावेत. मी निषेध नोंदवला. आईनं तो पाठ पूर्ण बघितला, झोपली नाही. एवढंच म्हणाली की त्या माणसाला चांगलं ऐकता येतं. मी म्हटलं, ऐकतो कुठे, सारखा खोडतो. "ऐकल्याशिवाय खोडता येतं का?" ती म्हणाली.

२२ फेब्रुवारी

सांडपाणी यांना सर्दी. चित्रण रद्द. पुन्हाबाईनं विचारलं, तुम्ही एकट्याच एखादा पाठ उरकता का? मी म्हटलं, खोडायला कोणी नसेल तर मुद्दा मांडायचा कशाला? दिवस फुकट गेला. गरम पाण्याची वाफ घ्या, असा त्यांना निरोप पाठवला. वेळापत्रक कोलमडतं म्हणून.

३ मार्च

आजची नोंद हसण्यासारखी नाही.

एक शाळामास्तरीण आमची विद्यार्थिनी आहे. लांबच्या एका लहान गावात शिकवते, पहिल्या पाठापासून हजर, प्रश्न नेमके विचारते. तिनं परवा चर्चेच्या पानावर लिहिलं: शाळेमागे पडीक जागा आहे, आठवड्याभरात मुलं तिथे भाज्या लावणार आहेत, दुपारच्या जेवणात त्याच खायच्या आहेत. गावातल्या शुद्धीकरण केंद्राकडे वाळवलेला गाळ पडून आहे. घालू का? सांडपाणी यांनी लगेच खाली उत्तर लिहिलं, नीट वाळवलेला असेल तर चालेल.

मी ते आज वाचलं. मुलांच्या पोटात जाणारी भाजी आणि हे म्हणतात चालेल. मी त्यांना फोन करायला हवा होता. केला नाही. त्यांच्या उत्तराखालीच लिहिलं: अजिबात वापरू नका, हे उत्तर बेजबाबदार आहे. सगळ्या जगासमोर.

तासाभरात मास्तरणीचा प्रश्न आला. "मुलांनी भाज्यांच्या नावांच्या पाट्यासुद्धा रंगवून ठेवल्यात. तुम्हा दोघांपैकी मी कोणाचं ऐकू?"

स्पंजच्या खोलीत भांडणं वेगळं. तिथे कोणी काही खाणार नव्हतं. इथे ती मुलं आमच्या भांडणाच्या मधोमध उभी आहेत.

४ मार्च

ते आज आले, पण माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचा राग गार असतो हे माहीत नव्हतं. चहा घेताना पाठ फिरवून उभे होते. मुद्द्यावर रागवायचं, माणसावर नाही, असं आपणच सांगायचं आणि आपणच बेजबाबदार असा शब्द लिहायचा. मी माझ्या जागी बसून कणांच्या आकाराचे तक्ते उगाच नीट लावत राहिले.

ते बाहेर गेल्यावर पुन्हाबाईनं सांगितलं की त्यांना परदेशातून बोलावणं आलंय. मोठं शुद्धीकरण केंद्र उभारायचं, तीन वर्षं तिकडेच. उत्तर अजून कळवलेलं नाही. तुम्हाला बोलले नाहीत का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, मला कशाला बोलतील, आणि चांगली संधी आहे, जावंच माणसानं.

घरी आले तर आई म्हणाली, जेवली नाहीस. भूक नव्हती. हवा बदलली आहे.

५ मार्च

सकाळी मीच त्यांच्या संस्थेत गेले. माझं पहिलंच येणं. त्यांच्या खोलीत खिडकीभर काचेच्या बाटल्या, प्रत्येकीत कुठल्या ना कुठल्या नदीचं पाणी. मी उभ्यानेच सांगितलं की तो शब्द मला मागे घ्यायचा आहे, मुद्दा नाही. ते म्हणाले, मुद्दा घेऊच नका मागे. उत्तर आपणच घाईत लिहिलं, रात्री झोप लागली नाही, असंही म्हणाले. आणि खुर्ची पुढे सरकवली.

दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, की आम्हा दोघांनाही काही माहीत नाही. मी गाळाला नावं ठेवते तो गाळ मी बघितलेला नाही. ते चालेल म्हणतात तेही गाळ न बघता. दोघंही उंटावरून शेळ्या हाकत होतो. तेव्हा तपासायचं. मास्तरणीला फोन लावला. तिनं लागवड पुढे ढकलायचं कबूल केलं, मुलांना काय सांगू म्हणाली. सांडपाणी म्हणाले, सांगा की शास्त्रज्ञ भांडताहेत, जरा थांबा.

मी तिला गाळाबरोबर त्या जागेतलीही माती पाठवायला सांगितलं. ते म्हणाले, जागेवर तर कोणाचाच आक्षेप नाही. मी म्हटलं, खत तपासायचं आणि ज्यात घालायचं ती माती नाही तपासायची, हे माझ्या घराण्यात नाही. हसले. काल दिवसभर ते हसू कुठे ठेवलं होतं कोण जाणे.

१६ मार्च

निकाल आले. प्रयोगशाळेतून कागद हातात घेऊन मी जिन्यातच बसले.

गाळ स्वच्छ आहे. गावात एकही कारखाना नाही, लोक काय मोरीत ओतणार? साबण आणि डाळीचं पाणी. म्हणजे ते बरोबर होते.

पण जागेच्या मातीत शिसं आहे, आणि थोडंथोडकं नाही. पानांवर धूळ बसून, नखांत माती जाऊन ते मुलांच्या पोटात गेलं असतं, आणि मुलांच्या मेंदूला शिशासारखा वैरी नाही. गाळाबद्दल आमचं एकमत असतं तर ही माती कोणी तपासलीच नसती. त्यांनी चालेल म्हटलं असतं, मी मान हलवली असती, आणि मुलं शिशात भाज्या लावून मोकळी झाली असती.

मी त्यांना जिन्यातूनच फोन केला. आधी सांगितलं की गाळाबाबत तुम्ही जिंकलात. मग मातीचं सांगितलं. 

ते म्हणाले, "आपण दोघं भांडलो हे बरं झालं."

मी म्हटलं, हो. आणखी काहीतरी म्हणायचं होतं, पण जिन्यातून विद्यार्थी वर यायला लागले.

१८ मार्च

मास्तरणीला दोघांनी मिळून फोन केला. त्यांनी बोलायला सुरुवात केली, आकडे मी सांगितले. मग तिनं गावातल्या जुन्या माणसांना विचारून घेतलं आणि संध्याकाळी कळवलं: शाळा बांधायच्या आधी तिथे बॅटऱ्या दुरुस्त करायची शेड होती. फुटक्या बॅटऱ्या मागच्या जागेतच टाकत. सगळ्यांना माहीत होतं, फक्त कोणी आठवलं नव्हतं.

आता काय करायचं ते ठरलं. त्या जागेत कोणी खणायचं नाही. वर चांगल्या मातीचा जाड थर आणि त्यावर गवत. भाज्या शाळेच्या पुढच्या अंगणात, लाकडी वाफ्यांत, बाहेरून आणलेल्या मातीत आणि स्वयंपाकघरातल्या सालपटांच्या खतात. गाळ कुंपणाजवळच्या सावलीच्या झाडांना. म्हणजे तोही पक्ष हरला नाही. आणि मागे खेळणाऱ्या सगळ्या मुलांचं रक्त डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं. याच्यावर आम्ही दोघं अडून बसलो.

२५ मार्च

मुलांची रक्तं ठीक आहेत. सगळ्यांची. मागची जागा काट्याकुट्यांची, मुलं तिथे फारशी जातच नव्हती. मास्तरणीनं लिहिलंय की आयुष्यात पहिल्यांदा तिला आळशी मुलांचं कौतुक वाटलं.

बातमी आली तेव्हा आम्ही चित्रणाच्या खोलीत होतो. पुन्हाबाईनं दोघांनाही मिठी मारली, म्हणजे एकदमच, त्यामुळे जरा गर्दी झाली. सांडपाणी यांच्या स्वेटरला लाकडाच्या भुशाचा वास येतो. सुतारकामाचा छंद असावा.

२८ मार्च

शेवटचा पाठ थेट प्रसारणाचा होता. आदल्या दिवशी संचालक म्हणाले, ते चर्चेचं पान आता काढून टाकू या. तज्ज्ञांनी एकमेकांच्या उलट सल्ले दिले, एकानं दुसऱ्याला बेजबाबदार म्हटलं, संस्थेची शोभा होते. सांडपाणी माझ्याकडे बघायला लागले. मी संचालकांना म्हटलं, ते पान काढलं तर आम्हीही निघालो. आम्ही हा शब्द मी कोणाला न विचारता वापरला. त्यांनी तो खोडला नाही. त्यांनी न खोडलेलं हे माझं पहिलंच वाक्य असेल.

आणि पाठात आम्ही तेच शिकवलं. मास्तरीण पडद्यावर होती, तिच्यामागे नवे वाफे आणि उड्या मारणारी मुलं. आम्ही क्रमाने सगळं सांगितलं: कोणी काय लिहिलं, कोण कुठे चुकलं, काय तपासलं, काय सापडलं. मी भिंगाकडे बघून म्हटलं, "मला माहीत नव्हतं." त्यांनी म्हटलं, "मलाही." मग मी सांगितलं की शाश्वत विकासात पाठ करण्यासारखं फार थोडं आहे, तपासण्यासारखं फार आहे, तुमच्या पायाखाली काय आहे ते विचारा, आणि आधी काय होतं तेही विचारा, म्हाताऱ्या माणसांना विचारा.

बोलताना एक गोष्ट लक्षात आली. मी भिंगाशी बोलत नव्हते. त्या परिचारिकेशी बोलत होते, ट्रकवाल्याशी, त्या भांडकुदळ जोडप्याशी. बसमध्ये, गाडीत, स्वयंपाकघरात बसलेली माणसं मला दिसत होती.

रेषा कशी होती ते पुन्हाबाईला विचारायचं राहून गेलं. खाली मात्र माणसं लिहितच होती. आमच्या विहिरीजवळ पूर्वी रंगाचं दुकान होतं. आमच्या मैदानाखाली काय आहे हो? नमुना कसा घ्यायचा? कितीतरी जण पाण्याची बाटली नाहीतर मातीची पिशवी घेऊन उद्या कुठे ना कुठे निघणार आहेत, असं वाटलं.

प्रसारण संपल्यावर संचालक आले, म्हणाले, पुढचं सत्र कधीपासून? आणि अर्थातच फुकट. मी सांडपाणी यांच्याकडे बघितलं नाही. त्यांचं परदेशाचं अजून कळलेलं नाही. विचारायचं कसं? मला काय अधिकार?

१ एप्रिल

मास्तरणीनं आम्हाला गावी बोलावलंय. मुलांना शास्त्रज्ञ बघायचे आहेत. मी म्हटलं, दोघांनी जायची काही गरज नाही, माती बघायला मी एकटी पुरे. सांडपाणी म्हणाले, गाळ माझा आहे. मग म्हटलं ठीक आहे.

आईसाठी भाऊ आणि वहिनी राहायला येणार आहेत. संध्याकाळी कपडे भरत होते तर आई दारात उभी. विचारते, चिखलातच उभं राहायचंय ना? मग तो नवा निळा स्वेटर कशाला? मी सांगितलं, तिकडे थंडी असते. एप्रिलमध्ये? मी म्हटलं, डोंगराळ भाग आहे. आईनं स्वेटरची घडी माझ्या हातातून घेतली, नीट केली आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवली.

माझं लग्न राहून गेलं ते कोणी नको म्हटलं म्हणून नाही. कामात होते. बसमध्ये छत्री राहून जाते तसं राहून गेलं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. हे आज का लिहितेय कळत नाही.

५ एप्रिल

गावातून लिहितेय. शाळेच्या पाहुण्यांच्या खोलीत खिडकीशी टेबल आहे, समोर वाफे दिसतात.

मुलांची थोडी निराशा झाली. त्यांना वाटलं होतं आम्ही आल्या आल्या भांडू. एका पोरीनं तर विचारलंच, तुमची गट्टी झाली का? सांडपाणी म्हणाले, तात्पुरती. मग त्यांनी मुलांना गढूळ पाण्याचा तो ग्लास दाखवला, आणि मी मुलांच्या पुढ्यात बसकण मारून पाहत राहिले. पाणी स्वच्छ होऊन आलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. शिकवणं म्हणजे जादूचे प्रयोग नव्हेत, पण हा फार सुंदर आहे.

दुपारी मुलं घरी गेल्यावर आम्ही कुंपणाजवळच्या झाडांना गाळ घातला. हात कोपरापर्यंत माखले होते. मग मी विचारलंच, परदेशी कधी निघणार? ते म्हणाले, नाही कळवून टाकलं, पंधरा दिवस झाले. मी म्हटलं, एवढी मोठी संधी होती. ते फावडं टेकवून उभे राहिले.

"तिकडची माणसं बरी आहेत. पण मी काही म्हटलं की लगेच पटतं त्यांना."

"मग त्यात वाईट काय?"

"मॅडम, घरी गेल्यावर मी दिवसभराचं तुमचं बोलणं आठवून उत्तरं तयार करतो. मग दुसऱ्या दिवशी येतो. किती वर्षांनी दुसऱ्या दिवसाची वाट बघतोय, ते तुम्हाला कसं सांगू?"

मी हातातला गाळ झाडाच्या बुंध्याशी दाबला, खरं म्हणजे तिथे पुरेसा होता. मग म्हटलं की तुमचा मुद्दा मला मान्य आहे. ते म्हणाले, पूर्ण? मी म्हटलं, पूर्ण. दोघंही हसायला लागलो, आणि माखलेल्या हातांनी डोळे पुसायची सोय नव्हती.

हात धुताना त्यांनी विचारलं, डोंगरापलीकडे जुना तलाव आहे, लोक म्हणतात पाणी अजून पिण्याजोगं आहे, उद्या थांबून बघायचं का? मी म्हटलं, लोक म्हणतात यावर माझा विश्वास नाही, बघायलाच हवं.

आत्ता आईला फोन केला. म्हटलं, यायला एक दिवस उशीर होईल. का, ते तिनं विचारलं नाही.

मीच सांगितलं.